गुंड्याच्या गोळीचा निकाल

मळमड्डी, धारवाड
१४ ऑक्टोबर १९९६

तीर्थरूप शेषगिरीमामांच्या चरणी, वय वर्षे एकसष्ट आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे असे जे बालक बाळाचार्य, त्याचा साष्टांग नमस्कार पोचावा. (साष्टांग कागदावरच आहे असं समजा. प्रत्यक्ष घातला तर मला परत उभं करायला दोन माणसं लागतात आणि घरात मला धरून आम्ही दोघंच.) इकडे सर्व क्षेम. लीलाची मान दुखायची थांबली, माझं ब्लडप्रेशर सध्या सांगितल्याप्रमाणे वागतं आहे, आणि पाऊस जायला निघाला होता तो काही तरी विसरल्यासारखा गुरुवारी पुन्हा येऊन गेला. तुमची प्रकृती कशी आहे, पुण्याची हवा मानवते का, चि. वेंकटेश आणि सूनबाई बरे आहेत ना, ते सविस्तर कळवावं.

तुमचं पत्र येऊन अठरा दिवस झाले. चार पानांपैकी अर्ध्या पानात वेंकटेश, सूनबाई, हवापाणी आणि तुमची प्रकृती, आणि उरलेल्या साडेतीन पानांत गुंड्या. शेवटी लाल शाईने खाली रेघ मारून लिहिलं आहे की, 'गुंड्याला ती गोळी द्यायची की नाही ते एका शब्दात कळव. तुम्हाला झेपत नसेल तर कुंदगोळला एकांच्या मळ्यावर त्याची सोय होईल, मी बोलून ठेवलं आहे. संकोच करू नको.' मामा, एका शब्दात उत्तर लिहा असं तुम्ही कानडीच्या पेपरातही म्हणायचात आणि मी तेव्हाही दोन पुरवण्या लावायचो. शाळेत मला तुम्ही दोनदा नापास केलंत (सख्ख्या भाच्याला, आणि दोन्ही वेळा संध्याकाळी घरी येऊन आईने केलेलं थालीपीठ खाल्लंत), तरी ती सवय गेली नाही. तेव्हा उत्तर लांबणार आहे. चष्मा लावून बसा.

कुंदगोळचं आधी लिहितो. गेल्या डिसेंबरात पुण्याला वेंकटेशकडे राहायला निघालात तेव्हा बसस्टँडवर तुम्ही गुंड्याची साखळी माझ्या हातात दिलीत, 'बाळू, ह्याला सांभाळ' एवढंच म्हणालात, आणि बस हलेपर्यंत खिडकीतून मुद्दाम दुसरीकडे बघत बसलात. मी 'हो' म्हटलं. आयुष्यात फार थोड्या गोष्टींना मी लीलाला न विचारता 'हो' म्हटलं आहे, त्यातली ही एक. त्यामुळे तो मळा कितीही हिरवागार असला, तरी गुंड्याला तिथे पाठवावं लागलं असतं तर तुम्हाला तोंड दाखवायची मला लाज वाटली असती. गेले काही महिने माझ्या डोक्यावर हेच ओझं होतं.

आता मूळ हकीकत. तुम्हाला माहीत असलेलंही लिहितो, कारण रजिस्ट्रार कचेरीत बत्तीस वर्षं काढल्यावर मालमत्तेचं चतुःसीमेसकट वर्णन केल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. गुंड्या, वय अंदाजे सहा, रंग काळा, पोट पांढरं, जात विचारू नये. मामी गेल्यानंतर वर्षभराने तुमच्या फाटकाशी येऊन बसला तो उठलाच नाही. अंगाने गोल म्हणून तुम्ही कानडीत गुंड्या नाव ठेवलंत. (गुंड म्हणजे मराठीत काय, ते शेजारच्या गोदूबाईंकडे आलेल्या साताऱ्याच्या पाहुण्यांनी हाक ऐकल्याबरोबर फाटकाबाहेरून परत जाऊन दाखवून दिलं.) मराठी ही नातेवाइकांशी भांडायची भाषा आणि कानडी ही शिकवायची, असा तुमचा नियम, त्यामुळे गुंड्याचं सगळं शिक्षण कानडीत झालं. पेरूच्या झाडावर माकडं उतरली की तुम्ही पायरीवर उभं राहून त्याला कानडीत हुकूम सोडायचात, तो बुंध्याशी जाऊन जीव खाऊन भुंकायचा, माकडं कंटाळून निघून जायची, आणि तुम्ही त्याला पेरूची फोड द्यायचात. पाच वर्षं असा संसार चालला.

आमच्याकडे आल्यावर दोन दिवस तो खाटेखाली झोपला. तिसऱ्या दिवशी गोदूबाई आल्या. गोदूबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. त्या पाच मिनिटांसाठी येतात, तासाने निघतात, आणि निघाल्यावर दारात उभं राहून राहिलेलं बोलतात. त्या दिवशीही सगळं बोलून झालं, 'येते गं लीला, कडी लावून घे, माकडं हिंडताहेत' असं म्हणून त्यांनी पाऊल उचललं, तोच गुंड्या खाटेखालून सुटला. त्याने खोलीत तीन चकरा मारल्या, कोणाला तरी शोधल्यासारखं वर तुळयांकडे बघितलं, आणि शेवटी गोदूबाईंच्या पदराचं टोक तोंडात धरलं. चावला नाही, मामा. दातसुद्धा लागू दिला नाही. नुसता पदर धरून थरथर कापत राहिला आणि त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होता की माफ करा, माझा नाइलाज आहे. गोदूबाई विरघळल्या. 'मला जाऊ देईना की गं हे लेकरू' म्हणत पुन्हा बसल्या. त्या दिवशी आम्हाला जेवण उशिरा मिळालं.

पुढे हे रोजचंच झालं. पाहुणा आला की गुंड्या शेपटी हलवून त्याचं स्वागत करी आणि तो निघाला की त्याला धरी. विमा एजंटची पॅंट धरली. (त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो पुन्हा आलेला नाही.) दूधवाल्याची किटली धरली. लीला मंडईला निघाली की तिची पिशवी आणि मी फिरायला निघालो की माझं धोतर. धरून झालं की साखळी ओढत खाटेखाली जायचा आणि घटकाभर कापत पडायचा. दुपारी आम्ही दार लावून आडवे झालो तरी तेच. जेवण कमी झालं. गोल म्हणून ज्याचं नाव ठेवलं त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. गोदूबाईंनी सगळ्या मळमड्डीत सांगितलं की, मास्तरांच्या कुत्र्याला कोणी दाराबाहेर गेलेलं सोसत नाही, कारण मास्तर असेच एकदा दाराबाहेर गेले ते आलेच नाहीत. हे ऐकून दोन बायका डोळे पुसत त्याला बघायला आल्या. त्या परत जाताना जे झालं ते पुन्हा लिहीत नाही.

कळस झाला तो आषाढी एकादशीला. लीलाचं भजनी मंडळ आमच्याकडे होतं. चौदा बायका. भजन छान झालं, गुंड्या टाळांच्या शेजारी शहाण्यासारखा बसला होता. मग चौदाजणी उठल्या आणि प्रत्येक जण दारात लीलाला तेच ते सांगून निघू लागली, येते गं, कडी लाव गं, बघ गं. गुंड्याने पहिलीचा पदर धरला, तो सोडून दुसरीचा, मग तिसरीची पिशवी, आणि आठवी-नववीपर्यंत पोचता पोचता तो दमून चपलांच्या ढिगात आडवा झाला. तोंडात एक चप्पल होती. ती दुर्गव्वांची होती, आणि त्यांनी ती त्याच्या तोंडातून काढून न घेता अनवाणी घरी जाण्याचा मोठेपणा दाखवला. त्या दिवशी मी ठरवलं की हे आपल्या आवाक्यातलं नाही, डॉक्टरला दाखवायचं.

इकडे जनावरांचे एक तरुण डॉक्टर आले आहेत, प्रभंजन म्हणून. हुशार आणि सौम्य. रिक्षात गुंड्या माझ्या मांडीवर बसला आणि दवाखान्यात तर त्याने कमालच केली. डॉक्टर त्याच्याशी कानडीत बोलले, त्याने पंजा दिला, जीभ दाखवली, निघताना कोणालाही धरलं नाही. मी खोटं बोलतो आहे असंच वाटावं असा त्याचा चेहरा होता. तरी डॉक्टरांनी माझी सगळी हकीकत शांतपणे ऐकली आणि म्हणाले की, ही वियोगाची भीती आहे. पहिला मालक सोडून गेल्यापासून (तुमचं नाव मी घेतलं नाही) त्याला प्रत्येक निरोप शेवटचा वाटतो. मी रुमाल काढला. डॉक्टरांनी समजुतीने खिडकीबाहेर बघितलं. मग त्यांनी एका गोळीचं नाव लिहून दिलं. रोज अर्धी, दोन महिने. मन शांत होईल, पण थोडा सुस्तावेल, खेळणं-बिळणं कमी होईल. घाई नाही, म्हणाले, आधी पंधरा-वीस दिवस तो केव्हा केव्हा घाबरतो ते लिहून ठेवा आणि मग तुम्हीच ठरवा.

लिहून ठेवा, असं मला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणी सांगितलं होतं. मी येताना शंभर पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, प्रसंग, कंपाचं मान, धरलेली वस्तू, शेरा. पंधरा-वीस दिवसांत भागेल असं डॉक्टरांना वाटलं असेल. मी सप्टेंबर अखेरपर्यंत लिहीत होतो. नमुन्यादाखल काही नोंदी उतरवतो. 'सकाळी सात दहा. दूधवाला गेला. कंप मध्यम. किटली.' 'साडेनऊ. बाळाचार्य फिरायला निघाले. कंप तीव्र. धोतर, डावा सोगा.' 'चार वाजता. बाळाचार्य मागच्या दाराने कोणाला न सांगता निघाले. कंप नाही. शेरा: आपल्याविषयीचं प्रेम मागच्या दारी लागू नसावं.' आणि ही नोंद बघा, हिने मला दोन दिवस छळलं. 'शनिवार, दुपारचं जेवण. कोणीही कुठेही गेलं नाही. लीलाने कढी वाढू का विचारलं. कंप तीव्र. पाट. शेरा: ताक आंबट असावं.' मामा, सगळा पुरावा वहीत होता. बत्तीस वर्षं मी लोकांच्या खरेदीखतांतल्या चुका काढल्या आणि स्वतःच्या अक्षरातली चूक मला दिसली नाही.

गोळीवरून घरात दोन पक्ष पडले. लीला म्हणाली, 'तुम्ही घेता, मी घेते, त्याने घेतली तर काय बिघडलं? तीन डब्या एका ओळीत ठेवू.' माझं म्हणणं असं की, आपण गोळ्या घेऊन काय झालो आहोत ते आपण बघतोच आहोत. जेवायचं, आडवं व्हायचं, पेपर वाचायचा, पुन्हा आडवं व्हायचं. घरात दोन पेन्शनर आहेत तेवढे पुरे, तिसरा कशाला? शिवाय मामींच्या माघारी तुम्हाला हसवलं ते त्याच्या अवखळपणाने. तो गोळीने पुसून टाकायचा आणि मग तुम्हाला लिहायचं की गुंड्या मजेत आहे, हे मला जमेना. पण गुंड्या खाटेखाली कापत पडला की मलाच वाटायचं, लेका बाळाचार्य, तू आपल्या तत्त्वापायी ह्या मुक्या जिवाला का छळतो आहेस? मग मी गोळीकडे झुकायचो, आणि नेमकी तेव्हा लीलाला त्याची दया येऊन ती पक्ष बदलायची. अशा तऱ्हेने आमचं दोघांचं कधीच एकमत झालं नाही, फक्त जागा बदलत राहिल्या.

एकदा दोघंही एकाच वेळी गोळीच्या बाजूला आलो, तेव्हा ती देऊनही बघितली. अर्धी गोळी पेढ्यात दडवून दिली. गुंड्याने पेढा खाल्ला आणि गोळी माझ्या चपलेत ठेवली. दुसऱ्या दिवशी लोण्यात दिली. लोणी गेलं, गोळी चपलेत. तिसऱ्या दिवशी मी चप्पल उचलून ठेवली, तर तो गोळी तोंडात धरून ती शोधत घरभर हिंडला. इतक्या व्यवस्थितपणे वस्तू परत करणाऱ्याला मनाचा आजार आहे असं म्हणवेना, म्हणून तो प्रयोग मी बंद केला.

एवढ्यात तुमचं पत्र आलं, कुंदगोळच्या मळ्यासकट. लीलाने ते दोनदा वाचलं आणि दसऱ्याचा प्रश्न काढला. दसऱ्याला बन्नीचं सोनं द्यायला अर्धी मळमड्डी आपल्याकडे येते. येतील त्यांचं काही नाही हो, ती म्हणाली, पण जातील त्यांचं काय करायचं? प्रश्न बिनतोड होता. शेवटी असं ठरलं की सोमवार तीस तारखेपासून गोळी नेमाने सुरू करायची, कुटून, ताकातून, चमच्याने, जशी जाईल तशी. आणि तीही जमली नाही तर तुम्हाला कुंदगोळबद्दल लिहायचं. रविवारी मी गुंड्याला युनिव्हर्सिटीच्या टेकडीपर्यंत फिरवून आणलं. वाटेत त्याने एका म्हशीशी खेळायचा प्रयत्न केला. उद्यापासून हे दिसणार नाही असं मनात आलं आणि मला चालवेना, तेव्हा आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो.

सोमवारी सकाळी लीला फुलं आणायला निघाली. यल्लव्वा अंगणात नळाशी भांडी घासत होती. (यल्लव्वा आमच्याकडे वीस वर्षं आहे. तुम्ही तिच्या हातची ज्वारीची भाकरी खाऊन तिला शंभरपैकी शंभर दिले होते, जे तुम्ही कोणालाच दिले नाहीत.) लीलाने पायरीवरून मला सांगितलं, कडी लावा. गुंड्याने झेप घेऊन तिचा पदर धरला. सोड मेल्या, ती म्हणाली, आणि तुम्ही आधी कडी लावा, बघत काय उभे राहिलात, कडी लावा कडी. ती जसजशी म्हणेल तसतसा गुंड्या पदर आणखी घट्ट धरी आणि आणखी कापे. तेव्हा यल्लव्वाने हातातलं पातेलं न ठेवता, मान वर न करता म्हटलं, "नीवs कडी कडी अंतीरी, अदु कडीतैती. अदर्द येन तप्परी?"

तुम्ही हे वाचून आताच हसायला लागला असणार. आम्हाला अर्धं मिनिट लागलं. ती म्हणत होती, तुम्हीच कडी कडी म्हणता, म्हणून ते चावतं, त्याचा काय दोष? कानडीत कडी म्हणजे चाव. आणि पाच वर्षं तुम्ही पायरीवर उभं राहून माकडं दिसली की हाच हुकूम सोडत होतात. मामा, मी आणि लीला इथेच जन्मलो. बाजारात, बसमध्ये, कचेरीत आम्ही कानडीत बोलतो, कानडीत भांडतो, रस्त्यात ठेच लागली तर कानडीतच अय्यो म्हणतो. पण उंबऱ्याच्या आत आमच्या कानांना मराठीची सवय, त्यामुळे दहा महिने आमच्या दाराची कडी आम्हाला कडीच वाटत राहिली. आणि तो बिचारा दिवसातून पन्नास वेळा हुकूम ऐकायचा, चाव, चाव, चाव. माकड शोधायला तुळयांकडे बघायचा. माकड नाही. मग कोणाला चावू? समोर गोदूबाई. चावलं तर पाप, नाही चावलं तर मास्तरांच्या शिकवणीला बट्टा. म्हणून पदर धरायचा आणि कापायचा. कढीच्या दिवशी तर जेवायला बसलेल्यांपैकी कोणाला चावायचं हा प्रश्न त्याला पडला असेल, आणि त्याने सभ्यपणे पाट धरला.

(तुम्ही म्हणाल की बाळू, कानडीतला 'कडि' ऱ्हस्व आणि मराठीतली 'कडी' दीर्घ, ह्याबद्दल मी तुझे चार गुण कापले होते. खरं आहे. पण ऱ्हस्व-दीर्घाचा धडा तुम्ही गुंड्याला दिलेला दिसत नाही, आणि लीलाच्या बोलण्यात अक्षराची लांबी तिच्या रागाप्रमाणे बदलते.)

मी यल्लव्वाला विचारलं की दहा महिने तू हे बोलली का नाहीस. ती म्हणाली, तिला वाटलं आम्ही त्याला मुद्दाम शिकवतो आहोत आणि कुत्रं जरा मठ्ठ आहे. शिकल्यासवरल्यांच्या घरात आपण मधे कशाला बोला? मग आम्ही परीक्षा घेतली. गुंड्याला अंगणात मधोमध बसवलं. मी 'दार' म्हटलं. काही नाही. 'खिडकी' म्हटलं. काही नाही. 'वियोग' म्हटलं, त्याने जांभई दिली. 'कडी' म्हटलं आणि त्याने माझं धोतर धरलं. मग लीला पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने पोट धरलं, यल्लव्वाने पातेलं खाली ठेवलं, मी भिंतीला टेकलो. आम्ही लग्नानंतर इतके एकदम कधी हसलो असू असं मला आठवत नाही. गुंड्याला आधी काही कळेना, मग तोही तिघांभोवती पळायला लागला, आणि त्या गोंधळात एक वानर भिंतीवरून आमच्याकडे टक लावून बघत बसलं होतं, त्याला कोणी काही म्हटलं नाही.

त्याच दिवशी वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्यापासून वाचली, कढीच्या नोंदीशी थांबले, आणि खुर्ची मागे ढकलून मोठमोठ्याने हसले. मग शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'गोळी बंद. शब्द बदला.' खाली सही केली. माझी वही कोणी तरी तपासून सही करून दिली, ह्याचं मला किती समाधान झालं ते तुम्ही समजू शकाल.

शब्द बदलणं मात्र गोळी देण्याहून कठीण गेलं. मी घरात फर्मान काढलं की यापुढे बोल्ट म्हणायचं. लीला म्हणाली, बोल्ट पुढच्या खोलीला आहे, ह्या दाराला नाही. मग खिट्टी झाली, मग 'ते लोखंडाचं'. गोदूबाई निघताना 'क' म्हणतात आणि तोंडावर हात ठेवतात. कढीला ताकाची आमटी म्हणायचं ठरलं, तर गोदूबाईंनी मळमड्डीत सांगितलं की पेन्शन उशिरा येते वाटतं, बाळाचार्यांकडे आता ताकाची आमटी करतात. पण गुंड्या सुधारला. जेवतो. बरगड्या बुजल्या. पाहुणे निघाले की फाटकापर्यंत सोडायला जातो आणि ते गेले की परत येऊन निवांत झोपतो. वियोगाची भीती त्याला नव्हतीच.

आता एक लिहितो, ते रागावू नका. परवा दुपारी पडल्या पडल्या मनात आलं की पाच वर्षं गुंड्या तुमच्या घरात होता, मराठी माणसाच्या घरात, आणि पाच वर्षांत त्याने दाराची कडी हा शब्द एकदाही ऐकला नव्हता. कारण मामी गेल्यावर तुम्हाला कडी लावा म्हणून सांगणारं कोणी नव्हतं, आणि तुम्हीही कोणाला सांगणार नव्हतात. रोज उठून मुकाट्याने लावत असाल. मी तीन गल्ल्या पलीकडे राहत होतो. दर रविवारी येत होतो, चहा पीत होतो, आणि नुसतं 'येतो' म्हणून निघत होतो. ही गोष्ट मला कुत्र्याकडून कळावी, ह्याचं मला फार वाईट वाटलं, मामा. तुम्ही लिहिलं आहे की सोसायटीचा वॉचमन विजापूरकडचा निघाला, म्हणून त्याच्याशी दोन वाक्यं कानडीत बोलायला तुम्ही दिवसातून दोनदा चार मजले उतरता. ते वाचून लीलाने पत्र घडी घालून देवघरात ठेवलं.

तर तुमच्या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर: नाही. गोळी द्यायची नाही, कुंदगोळही नाही. मळ्यावाल्यांना माझा नमस्कार आणि आभार कळवा. वेंकटेशला आशीर्वाद. हात दुखायला लागला आणि दिवाबत्तीची वेळ झाली, म्हणून आज इथेच पुरे करतो.

तुमचा, तेव्हाही पुरवण्या जोडणारा आणि आताही,
बाळू

ता. क. गोळ्या परत घेत नाहीत असं दुकानदार म्हणतो. डबी तिसऱ्या जागी ओळीत ठेवली आहे, लीलाला ओळ पुरी लागते.

ता. क. दुसरा. मूळ मुद्दा लिहायचा राहिलाच. शब्द चुकवून किती दिवस काढणार? दसरा सहा दिवसांवर आला, आणि पाहुण्यांना काही 'ते लोखंडाचं' शिकवता येत नाही. गुंड्याला कडीचा दुसरा अर्थ शिकवायला हवा. ज्याने पहिला शिकवला त्यानेच दुसरा शिकवला तर त्याला पटेल, आमच्यावर त्याचा विश्वास नाही. डॉक्टरांचंही असंच मत पडेल (मी अजून विचारलेलं नाही). तेव्हा तुम्ही एकदा यावं. विषय अवघड आहे, चार-सहा महिने सहज लागतील. वेंकटेशला सांगा की कुत्र्याच्या प्रकृतीसाठी जावं लागतंय, तो अडवणार नाही.

ता. क. तिसरा, माझ्या हातचा. मामा, नमस्कार. पत्र पोस्टात टाक म्हणून माझ्याकडे दिलं, तेव्हा मी वाचलं. तुम्हाला बोलवायचं तर ह्यांना सरळ बोलवता येत नाही, म्हणून कुत्र्याला पुढे केलं आहे. खरं काय ते मी लिहिते. हे सकाळी फिरायला गेले की मी रोज गुंड्याला जवळ घेऊन बसत होते, कडी म्हणायची, कडी लावायची, आणि पेरूची फोड द्यायची. गेल्या मंगळवारपासून मी कितीही वेळा कडी म्हटलं तरी तो डोळासुद्धा उघडत नाही. ह्यांना सांगितलेलं नाही, हे अजून 'ते लोखंडाचं' म्हणत चवड्यांवर चालतात. तेव्हा गुंड्याला शिकवायचं असं काही उरलेलं नाही. बाहेरची खोली मी चुना देऊन घेतली आहे, खाट खिडकीशी लावली आहे. तरी या. राहायला या.

लीला